ऑक्टोपसची अठरा मडकी

आत्ता वर चढून येताना वाटेत पाहिलंत ना तुम्ही? टोप्या घातलेली, हातात काठ्या घेतलेली ती माणसं. मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब आहेत सगळे. खाली शहरात लोक त्यांच्यापुढे वाकतात, आणि इथे येऊन ते स्वतः वाकतात. कुणापुढे? जमिनीतल्या एवढ्याशा खळग्यापुढे. पांढरा बॉल टुणकन आत पडला, की टोपी काढायची, कमरेत वाकायचं आणि त्या बॉलला म्हणायचं, "ओकाएरी." बाहेरून घरी आलेल्या माणसाला इकडे असं म्हणतात. आपण नाही का म्हणत, "आलास का रे? ये, बस." तसंच ते. दुसऱ्या कुठल्या गोल्फच्या मैदानावर बॉलला असं कुणी म्हणत नाही. म्हणतात ते फक्त इथे, या कोरोबी टेकडीवरच्या क्लबात.

दुसरी गंमत सांगू? बॉल खळग्याच्या जवळ आला की शेवटचा हलका टोला कुठल्या अंगाला मारायचा, हे साहेब ठरवत नाही. बरोबर काठ्यांची पिशवी सांभाळणारी कॅडी बाई असते. इथे सगळ्या बायकाच आहेत, आणि बहुतेक जणी माझ्या वयाच्या. ती उकिडवी बसते, गवताकडे जरा बघते आणि बोट दाखवते. इथून. साहेब कितीही पटाईत असो, तिथूनच मारतो. वाद घालायची रीतच नाही.

मी मूळची गुहागरची. मुलाने खाली खाणावळ काढली, त्याला झाली एकवीस वर्षं. तेव्हापासून मी इथल्या बायकांबरोबर हिरवळीतलं तण उपटते. आमच्यात सगळ्यात जुन्या हात्सुए-सान; 'सान' म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव'. ही गोष्ट त्यांनी मला तण उपटता उपटता सांगितली, आणि त्यांना त्यांच्या आजीने. बसा जरा टेकून. चहा घ्या. हिरवा आहे, साखर मागू नका.

तर एक होती टेकडी. टेकडीच्या माथ्यावर एक घर, घरापुढे संत्र्याचं एक दांडगं झाड, आणि घरात दोन माणसं. आईचं नाव ओताकी, मुलाचं नाव किहेई. बाप लवकर गेलेला. टेकडी ही अशी, आत्ता दिसते तशीच उभी. भाताचा मुटका हातातून निसटला, तर तो खालच्या गावातल्या कोंबडीने खायचा, एवढा उतार! मडकं ठेवायचं तर खाली दगड लावायचा. झोपायचं तर डोकं वरच्या अंगाला करून झोपायचं.

या टेकडीचे तीन नियम होते म्हणे.

पहिला नियम खालच्या गावाचा. टेकडीवरून जे घरंगळत येईल, ते खालच्याचं. ऐकायला हा नियम वाईट वाटतो, पण तसा तो न्यायाचाच होता. पावसाळ्यात वरून दगडधोंडे यायचे, ते खालच्यांच्याच अंगणात पडायचे ना? मग फळ आलं तर तेही त्यांचंच.

दुसरा नियम असा, की टेकडीवर आडवं काही घालायचं नाही. भिंत नाही, बांध नाही, जाळं नाही. डोंगराचा देव त्या उतारावरून जातो-येतो, त्याला ठेच लागेल.

आणि तिसरा नियम सगळ्यात अवघड. टेकडीवर जे घर असेल, त्याने दर हिवाळ्यात, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, सूर्य मावळायच्या आत शंभर संत्र्यांची टोपली देवापुढे ठेवायची. देऊळ टेकडीच्या कमरेला, लहानसं, लाकडाचं. सलग तीन वर्षं टोपली आली नाही, तर देवाला ते घर नकोसं झालं असं समजायचं. त्या माणसांनी घर सोडून खाली यायचं आणि टेकडी दुसऱ्याला द्यायची.

ओताकीचं झाड शंभराला कधी कमी पडलं नव्हतं. किहेई शिडी लावायचा, ओताकी खालून टोपली धरायची, अर्ध्या दिवसात काम व्हायचं. पण एका वर्षी किहेईला ताप आला. दहा दिवस उतरेना. अकराव्या दिवशी ओताकी झाडाखाली गुडघे टेकून बसली आणि देवाला बोलली, "माझं पोर वाचव. या झाडावरच्या फळाला मी हात लावणार नाही. माझ्या घरातलं कुणी हात लावणार नाही. काठी लावणार नाही, झाड हलवणार नाही, खाली झोळी पसरून मागणार नाही. झाड आपल्या मनाने देईल तेवढंच घेईन."

किहेई वाचला. तिसऱ्या दिवशी उठून त्याने भात मागितला.

आणि संत्री पिकली. देठापासून सुटून एकेक खाली पडायला लागली. टप् आवाज व्हायचा, संत्रं गवतात जरा थांबायचं, विचार केल्यासारखं करायचं आणि निघायचं उताराने. खडकाला वळसा घालून, बांबूच्या बेटाजवळून, थेट खालच्या गावात! खालच्या बायका पदराची ओटी करून उभ्याच असायच्या. ओताकी दारात बसून बघायची. नवस बोलताना पोराचा ताप तेवढा तिच्या डोळ्यांपुढे होता, उतार काही आठवला नव्हता.

पहिल्या वर्षी टोपलीत सात संत्री. दुसऱ्या वर्षी अकरा, तीही गवतात अडकलेली.

खालच्या गावाचा मुख्य होता गेनपाची, आपल्याकडचा पाटील समजा. चांगला लठ्ठ, पोट पुढे, हसला की खांदे हलायचे. मनाने वाईट नव्हता. पण टेकडी रिकामी झाली तर आपल्या धाकट्याला मिळेल, हे त्याच्या डोक्यात होतं. ओताकी गावात मीठ आणायला उतरली की तो हाक मारून म्हणायचा, "ओताकी-सान, तुझ्या संत्र्यांना पाय फार चांगले फुटलेत हो! काल एक आमच्या स्वयंपाकघरापर्यंत चालत आलं."

लोक हसायचे. ओताकीही हसायची. घरी येऊन मात्र दारात बसायची, ती उठायचीच नाही.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात किहेई सुकी मासळी आणायला समुद्राकाठी गेला. आता, जन्म गेला टेकडीवर, सपाट वाळूत त्याला चालता येईना. एका अंगाला कलून चालायचा, एक पाय उंचावर आणि एक पाय खोलात असल्यासारखा. तिथे एक मुलगी मडकी धूत बसली होती. ती त्याला बघून इतकी हसली, की मडकं हातातून निसटलं. तिचं नाव ओनुई. बाप ऑक्टोपस धरणारा कोळी. किहेईला राग आला नाही. तो म्हणाला, "तू वर येऊन बघ. तिथे मी सरळ चालतो, तू कलशील."

ती आली. लग्न करून आली.

माहेराहून तिने काय आणलं असेल? मडकी! वीस मडकी, दोरीत ओवलेली. त्या कोळ्यांची रीत अशी, की ऑक्टोपस गळाने धरायचा नाही. रिकामी मडकी दोरीला बांधून समुद्राच्या तळाला सोडून द्यायची. ऑक्टोपसाला भोक दिसलं की राहवत नाही, तो आपणहून आत जाऊन बसतो. मग मडकं वर ओढायचं. बाप म्हणाला होता, "दुसरं काही नाही माझ्याकडे. पण ही जवळ असली की माणूस उपाशी राहत नाही." चढाच्या वाटेवर दोन फुटली. राहिली अठरा.

खालच्या गावातून ती वरात वर जाताना लोकांची हसून पुरेवाट झाली. ओताकीनेही सुनेला ओवाळलं ते असं, "पोरी, डोंगरावर ऑक्टोपस यायला निघालेत का? त्यांना चढाची वाट सांगून ठेवलीस ना?"

ओनुईने मान खाली घातली आणि मडकी परसात उपडी घालून ठेवली.

पानं पिवळी पडली. एका सकाळी पहिलं संत्रं पडलं. टप्! ओनुई अंगण झाडत होती. संत्रं निघालं तशी तीही केरसुणी टाकून त्याच्यामागे निघाली. पळता पळता बसली, घसरली, उठली आणि थेट गावात पोचली. तिथे एका बाईने संत्रं उचलून ओटीत टाकलं आणि तिला म्हणाली, "बस गं, दम खा. नवी आहेस वाटतं."

वर येऊन तिने सासूला विचारलं, तेव्हा ओताकीने सगळं सांगितलं. नवस, तीन नियम, दोन रिकामी गेलेली वर्षं. आणि या हिवाळ्यात टोपली भरली नाही तर घर जाणार, हेही.

ओनुई म्हणाली, "आई, नवस बोलताना उतार लक्षात नाही आला?"

"पोराचा ताप उतरत नव्हता गं," ओताकी म्हणाली, "टेकडीचा उतार कुठून आठवणार?"

मग किहेईने तोंड उघडलं. भिंत घालू का? आडवं घालायचं नाही. झाडाखाली घोंगडी पसरू का? ती झोळीच झाली, मागणंच झालं. झाड जरा हलवलं तर? ओताकीने नुसतं त्याच्याकडे बघितलं, तसा तो लाकडं फोडायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ओताकी उठून बघते तो सून उतारावर बसून खणतेय. मडक्याएवढा खड्डा खणायचा, त्यात मडकं ठेवायचं, तोंड जमिनीबरोबर, वर काही नाही, खाली काही नाही. एक झालं की दुसरं.

"हे काय आरंभलंस?"

"आडवं काही नाही घातलं, आई. देव वरून चालत गेला तर ठेच लागणार नाही."

"आणि माझा नवस? मी मागणार नाही म्हटलंय!"

ओनुईने हातातली माती झाडली. म्हणाली, "मडकं मागत नाही. आमच्याकडे आम्ही ऑक्टोपसाच्या मागे धावत नाही. मडकं नुसतं घर उघडं ठेवतं. आवडलं तर तो येऊन बसतो, नाही आवडलं तर जातो पुढे."

ओताकीला हे पटलं की नाही, ठाऊक नाही. पण ती आडवीही आली नाही. दारात जाऊन बसली.

अठरा मडकी पुरली गेली, माथ्यापासून देवळापर्यंत. आणि काय झालं? काही नाही झालं! संत्रं पडायचं, निघायचं, मडक्याच्या काठाजवळून असं तोरा दाखवत निघून जायचं. लग्नात रुसलेली विहीण जाते ना मांडवातून, तसं. पाच दिवसांत एक संत्रं आत पडलं नाही. सहाव्या दिवशी ओनुई आपल्या मनाने मडकं उपटून दुसरीकडे लावायला लागली, तेव्हा मात्र ओताकीला दारात बसवेना.

"अगं तिथे नव्हे! तिथे कुठे लावतेस?" ती वरून ओरडली. "त्या काळ्या दगडाशी आलं की ते डावीकडे वळतं. रोज वळतं. दोन वर्षं बघतेय मी!"

आणि म्हातारी काठी टेकत उतारावर आली. उकिडवी बसली, जमिनीला गाल लावल्यासारखी मान वाकडी केली, एक डोळा मिटला आणि बोट दाखवलं. "इथे." पुढे सरकली. "सकाळी दंव असतं तेव्हा इथून जातं, दुपारी गवत वाळलं की हात-दीड हात खालून. तू मध्ये लाव." पुन्हा पुढे सरकली. "इथून जे जातं ना, ते फसवतं. सरळ येतंय असं वाटतं आणि शेवटी मान मुरडतं. याच्यासाठी जरा उजवीकडे." दोन वर्षं दारात बसून तिने गेलेलं संत्रं न् संत्रं डोळ्यांनी पोचवलं होतं. त्या टेकडीचा उंचवटा न् उंचवटा तिला पाठ झाला होता, आणि ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

दोन दिवस सासू बोट दाखवत होती, सून खणत होती, आणि किहेई विळ्याने गवत कापत होता. संत्र्याची वाट आखूड गवताची, बाजूला उंच गवत. जाणारं संत्रं वाटेवरच राहावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाडावरून एक सुटलं. टप्! तिघंही जागच्या जागी उभी. संत्रं निघालं. काळ्या दगडाशी आलं, डावीकडे वळलं, जरा रेंगाळलं, मडक्याच्या काठावर डुललं. आणि गेलं की आत!

ओताकी धावली. हो, काठी टाकून धावली. मडक्यात डोकावली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ओकाएरी."

त्या दिवसापासून आत पडलेल्या प्रत्येक संत्र्याला ती असंच म्हणायची. ओनुई म्हणायला लागली. किहेई लाजायचा, मग तोही म्हणायला लागला.

टोपली हळूहळू भरत होती. सगळीच संत्री मडक्यात बसत नसत. काही जात खाली, खालच्यांचा वाटा खालच्यांना मिळे. पण आता ओट्या पूर्वीसारख्या भरेनात. गावात कुजबूज सुरू झाली. आणि इकडे दिवस लहान होत गेले.

वर्षातला सगळ्यात लहान दिवस उजाडला. टोपलीत चौसष्ट संत्री. झाडावर अजून पुष्कळ, पिवळीधमक, पण वाऱ्याचं नाव नाही. पान हलेना. सकाळपासून दुपारपर्यंत दोन पडली. तिघं अंगणात बसून झाडाकडे बघत होती. ओताकी एवढंच म्हणाली, "किहेई, घर सोडायचं झालं तर तुझ्या बापाची कुदळ आधी घे. ती विसरायला नको."

तेवढ्यात खालून माणसांचा आवाज. गेनपाची आला होता, धापा टाकत, घाम पुसत, आणि मागे अर्धं गाव. इतकी वर्षं तो कधी टेकडी चढला नव्हता. चढला कशाला असता? सगळं खालीच यायचं ना!

"ओताकी-सान," तो म्हणाला, "हे मडक्यांचं काय ऐकतोय मी? घरंगळलं ते खालच्याचं. झाडावरून सुटलं म्हणजे घरंगळलं. तेव्हा त्या टोपलीतली संत्री आमची."

ओताकी उठायच्या आत ओनुई पुढे आली. वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "गेनपाची-सान, तुम्हाला ऑक्टोपस आवडतो का?"

"हा काय प्रश्न झाला? उकडून, व्हिनेगर घालून. रोज द्या."

"मग मला सांगा, समुद्र सगळ्यांचा. ऑक्टोपस समुद्राचा. पण तो माझ्या बापाच्या मडक्यात जाऊन बसला, तर कुणाचा?"

"तुझ्या बापाचा! मडक्यात बसला तो मडकेवाल्याचा, हे काय सांगायला पाहिजे?" गेनपाची तोऱ्यात बोलला, आणि बोलल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. मागे गाव हसायला लागलं. त्याचा चेहरा लाल झाला. "पण संत्रं म्हणजे काही ऑक्टोपस नव्हे!" असं म्हणून तो रागाने एक पाऊल मागे सरला.

टेकडीवर कुणी मागे सरतं का हो? सपाटीवरचा माणूस तो. पाय गेला सरळ झाडाखालच्या पहिल्या मडक्यात, घोट्यापर्यंत. ओढला तर निघेना. जोर करून ओढला तर भुसभुशीत मातीतून अख्खं मडकंच पायाबरोबर वर आलं. आता एक पाय मडक्यात, एक पाय उतारावर. लंगडी घालत गेनपाची एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि खाली सगळा उतार! घरंगळला असता तर थेट आपल्याच अंगणात गेला असता. त्याने दोन्ही हातांनी संत्र्याचं झाड कवटाळलं आणि डोळे मिटून घेतले.

"फोडा! मडकं फोडा!"

"फोडायचं नाही," ओनुई म्हणाली. "माझ्या बापाने दिलंय. आणि मडक्यात बसला तो मडकेवाल्याचा, हे आत्ता तुम्हीच म्हणालात."

गाव लोटपोट. पण ओनुई काही दुष्ट नव्हती. हटून बसलेल्या ऑक्टोपसाला मडक्यातून कसं काढायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. मडक्याच्या तळाला बारीक भोक असतं. तिथून खारं पाणी ओतायचं आणि गवताची काडी घालून गुदगुल्या करायच्या. तिने मिठाचं पाणी आणलं, ओतलं. पाय निघेना. मग एक लांब काडी घेतली आणि भोकातून तळव्याला लावली.

"हे, हे काय करतेस! ए पोरी! नको! हा हा हा! अगं नको!"

गेनपाची हसायला लागला. हसला की त्याचे खांदे हलायचे, ते मी सांगितलंच. खांदे हलले, पोट हललं, आणि कवटाळलेलं झाड हललं. टप्! एक संत्रं पडलं. टप्, टप्! दोन. ओनुईने दचकून काडी बाहेर काढली आणि सासूकडे बघितलं.

सगळेच ओताकीकडे बघत राहिले. म्हातारीने झाडाकडे बघितलं, गेनपाचीकडे बघितलं, देवळाच्या दिशेने बघितलं. मग हळूच म्हणाली, "हात आपला नाही. काठी आपली नाही. मागितलं तर कुणीच नाही. पाहुणा हसतोय. पाहुण्याला हसू नको असं कसं म्हणायचं? पोरी, त्यांचा पाय अडकलाय ना अजून?"

काडी पुन्हा आत गेली. आणि मग जो पाऊस पडला संत्र्यांचा! असं सांगतात, की गेनपाची हसत होता, गाव हसत होतं, आणि झाडही हसत होतं. वारा नसताना शेंड्याची फांदीसुद्धा डोलत होती. संत्री सगळ्या वाटांनी निघाली. ओताकी मधोमध उकिडवी बसून ओरडत होती, "सहावं बघ! किहेई, अकरावं भरलं, रिकामं कर! अरे तिसरं, तिसरं!" किहेई टोपली घेऊन मडक्यामागून मडकं रिकामं करत पळत होता. गावातल्या बायकांनाही राहवलं नाही. त्या मडक्यांपाशी बसल्या आणि आत पडणाऱ्या संत्र्याला आपोआप म्हणायला लागल्या, "ओकाएरी! ओकाएरी!" भरल्या मडक्यांवरून उड्या मारत उरलेली संत्री गेली खाली गावात. तिथे घ्यायला कुणी नव्हतं. सगळे इथे वर होते.

पाय निघाला तेव्हा टोपलीत शंभर झाली होती आणि वर सात. सूर्य समोरच्या डोंगरावर टेकलेला. किहेईने टोपली उचलली, ओनुईने सासूला पाठीवर घेतलं, आणि ती दोघं उताराने अशी पळाली, की संत्र्यांनीही लाजावं. टोपली देवळाच्या पायरीवर टेकली तेव्हा सूर्याची नखाएवढी कड उरली होती. तिचा उजेड देवळातल्या लाकडावर पडला आणि मग ती मावळली.

मागोमाग गेनपाची आला, बसत, सरकत, एकदाचा. देवाला वाकला, मग ओताकीला वाकला. म्हणाला, "मी मडक्यात बसलो. तेव्हा आता मी तुमचा. सांगा, काय करू?"

तो गमतीने म्हणाला असेल. पण ओताकीने गंभीर होऊन सांगितलं, "दर वर्षी वर यायचं. एवढंच. आमची संत्री खाल्लीत, पण गोड होती की आंबट, हे सांगायला कुणी कधी वर आलं नाही. मी दारात बसून असायची."

गेनपाची पुन्हा एकदा वाकला म्हणे. मग म्हणाला, "गोड होती, ओताकी-सान. फार गोड होती."

पुढल्या हिवाळ्यात गाव वर आलं. त्याच्या पुढल्याही. मडक्यात बसलं ते वरच्यांचं, पुढे गेलं ते खालच्यांचं, असा चौथा नियम झाला, आणि तो बाकीच्या तिन्हींपेक्षा जास्त टिकला.

मग फार वर्षं गेली. झाडावरच्या फळाला हात न लावता, पडलेल्या संत्र्यांच्या बियांपासून नवी झाडं झाली. एके दिवशी सुटाबुटातली माणसं आली, फितीने टेकडी मोजायला. त्यांना इथे गोल्फचं मैदान करायचं होतं. हिंडता हिंडता त्यांचा पाय मडक्यात जायला लागला. एक, दोन, पाच, बारा. मोजली तर अठरा! गोल्फला खळगे लागतात अठराच. त्या मोजणाऱ्या साहेबाने म्हणे कागद गुंडाळून काखेत मारला आणि म्हणाला, "आता मी आखू काय? वाटा कापलेल्या आहेत, खळगे जागेवर आहेत." घरच्या लोकांनी टेकडी वापरायला दिली, पण एका अटीवर. खळगे हलवायचे नाहीत, आणि कुठून जायचं ते बाई सांगेल.

म्हणून आजही या साहेबांच्या बॉलला इथे "ओकाएरी" म्हणतात, आणि आजही बोट दाखवते ती म्हातारीच. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी आजही क्लब बंद असतो. त्या दिवशी काठ्या नाहीत, बॉल नाहीत, गाव वर येतं आणि संत्री खातं.

आणि ओताकीचं घर? पुढल्या वर्षी संत्री पिकायच्या दिवसांत ओनुईला मुलगी झाली. मग दोन मुलगे झाले. असं सांगतात, की त्या घरातली पोरं चालायच्या आधी चढायला शिकली. सपाट जमीन त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती पाच वर्षांची झाल्यावर, आणि तिच्यावर उभी राहून रडली. ओताकी नव्वदीपर्यंत जगली. दारातच बसायची, पण आता खाली जाणारं बघत नव्हती, वर येणारं बघत होती. त्या घराण्याची चौदावी पिढी अजून वरच राहते. ते बघा, क्लबाच्या मागे कौलाचं घर, धूर निघतोय ते. तिथून खाली राहायला अजून कुणी उतरलेलं नाही.